आबा पडले तेव्हाचा गोल

माझी पेनल्टी कधीच चुकत नाही. फक्त ती मारताना कुणी बघत असता कामा नये.

ही अट फुटबॉलच्या नियमांत बसत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या स्वभावात बसते, त्याला मी काय करू? सकाळच्या गारव्यात आमच्या पेठेजवळच्या मैदानावर मी आणि बॉल असे दोघेच असलो, की कुठला कोपरा सांगा, बॉल तिथं जाणार. डावा वरचा? गेला. उजवा खालचा? गेला. पण फिरायला आलेला एखादा गृहस्थ कमरेवर हात ठेवून थांबला रे थांबला, की मला एकदम आपल्याला पाय असल्याची जाणीव होते. मग कुठला पुढं टाकायचा, कुठला मागं, हातांचं काय करायचं, श्वास आधी घ्यायचा की नंतर, सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. एकदा असाच एक जण थांबला. मी थांबलो. तोही हलेना. शेवटी तोच म्हणाला, "मारा की पावणं! मी कुठं बघालोय?"

मी मारला. बॉल गोलखांबाला वळसा घालून कडेच्या चहाच्या गाड्यावर गेला आणि खारीची बरणी घेऊन खाली आला. तो गृहस्थ भला होता. "खरंच, बघाय नको होतं," असं पुटपुटत निघून गेला.

आणि धंदा काय, तर फोटोग्राफीचा! अर्धं आयुष्य नवरा-नवरींना "कॅमेऱ्याकडं बघू नका, इथं कुणी नाहीच असं समजा, नॅचरल राहा" हे सांगण्यात गेलं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र, मी कुणाच्या तरी जामिनावर सुटून आल्यासारखा उभा आहे. प्रत्येक फोटोत!

माझी बायको वैशाली पलीकडच्या पेठेतली. दुसऱ्या गावात याला जवळचं माहेर म्हणतात. कोल्हापुरात याला विरुद्ध टीम म्हणतात. तिचा धाकटा भाऊ संदीप त्यांच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा जुना गोलकीपर. आणि वडील, म्हणजे आबा, तरुणपणी त्याच टीमचे बॅक. आबा बॉल अडवत नसत, माणूस अडवत असत, असं त्यांच्या पेठेत अजून कौतुकानं सांगतात. (अडवलेली माणसंही सांगतात. लंगडत.) मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी आबांचा प्रश्न आला होता.

"खेळता काय?"

"फुटबॉल."

"जागा कुठली?"

"लेफ्ट आउट."

"म्हंजे औटच की!" आबा म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मी हसायचा प्रयत्न केला, पण सगळे बघत होते.

तेव्हापासून आबा मला "फोटोवालं पावणं" म्हणतात. रागानं नव्हे, पाणी सोडायला येणाऱ्याला "पाणीवालं" म्हणावं, तितक्याच प्रेमानं. माझा खेळ त्यांनी कधी बघितला नव्हता. आणि तो चांगला व्हायचा असेल तर त्यांनी बघताच कामा नये, ही अडचण सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

सगळं नीट चाललं होतं. पण एके दिवशी मी स्टुडिओची किल्ली घरी विसरून मैदानावर गेलो. वैशाली किल्ली द्यायला मागून आली. मी पाठमोरा होतो, त्यामुळं मला काही पत्ता नाही. हाक मारायची सोडून ती पिंपळाखाली उभी राहिली आणि बघत बसली. आणि मी आपला, जगात कुणी नाही अशा थाटात, एकामागून एक बॉल कोपऱ्यात घालतोय!

घरी चहा पिताना म्हणाली, "अवो, तुमी तर लई भारी मारताय की! एकबी चुकली न्हाय!"

मी तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात बायको अशा नजरेनं बघतेय म्हटल्यावर खुलासे कोण करत बसतं? मी नुसतं "हं, सवय आहे," असं म्हणालो आणि ऐटीत बिस्किट चहात बुडवलं. (ते तुटून बशीत पडलं. ती बघत होती ना.)

पुढच्याच आठवड्यात तिच्या चुलतबहिणीचं डोहाळजेवण होतं. तिथं भरल्या घरात वैशालीनं जाहीर केलं की आमचे हे पेनल्टी कधी चुकत नाहीत. संध्याकाळी संदीपचा फोन.

"दाजी, अक्का म्हणत्या तुमची पेनल्टी चुकत न्हाय. व्हय?"

"नाही, म्हणजे... तसं काही..."

"मग मॅचच लावूया की! चाळिशीच्या फुडच्यांची. तुमची तालीम आनि आमची तालीम. बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल. आबाबी येणार हायत."

"आबा? ते कशाला?"

"तुमास्नी बघाय!"

मी फोन ठेवून थेट स्वयंपाकघरात गेलो. मी वैशालीला म्हटलं, "त्याला सांगून टाक, माझा गुडघा दुखतोय."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "मी समद्यांसमोर शब्द दिलाय," ती म्हणाली. "संद्या काय म्हणाला ठाव हाय? म्हणाला, दाजी आनि पेनल्टी? आनि हसला. मग सगळीच हसली. आबाबी हसलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पण निघालेलं होतं. "एकदा मारून दावा. मग आयुष्यात परत बॉलला पाय लावू नका, मी काय म्हणणार न्हाय."

आता मात्र मी तिला सगळं खरं सांगितलं. कुणी बघितलं की माझं काय होतं ते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बायका करतात तसा साधा व्यवहारी विचार केला. "म्हंजे सवय न्हाय. सवय करायची!"

दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या बोळात दोन कुंड्यांचा गोल मांडला गेला. प्रेक्षक म्हणून वैशाली एकटी पायरीवर. मी मारला. डावी कुंडी गेली.

"एक माणूस बघतंय तर ही गत," मी म्हटलं, "हजार बघतील तेव्हा?"

"म्हणून तर माणसं वाढवायची!"

तिसऱ्या दिवसापर्यंत पायरीवर शेजारच्या काकू, दूधवाले, आणि काकूंची मलकापूरहून आलेली बहीण, असा भरगच्च कार्यक्रम झाला. मलकापूरच्या पाहुण्या तर घरातून पाट घेऊन आल्या. मी सगळ्या देवांची नावं घेऊन बॉल मारला. तो समोरच्या भिंतीवर आपटला, उसळला, आणि काकूंनी बाजेवर वाळत घातलेल्या सांडग्यांवरून आरपार लोळत गेला.

"हे नक्की काय कराल्यात?" मलकापूरच्या पाहुण्यांनी विचारलं.

"पेनल्टी," वैशाली खालच्या आवाजात म्हणाली.

"कुणाला?"

"आमच्या सांडग्यांना!" काकू ओरडल्या आणि त्या दिवशीचा सराव संपला.

शेवटी आमचा कॅप्टन सर्जेराव धावून आला. सर्जेरावची पिठाची गिरणी आहे, त्यामुळं त्याचा प्रत्येक सल्ला तो गिरणी चालू असल्यासारखा ओरडून देतो. "माणसं न्हाईतच समज!" तो म्हणाला. "कोबीचं गड्डं मांडल्यात समज!"

"सर्जा, कोबी शिट्ट्या मारतो का?"

त्यानं डोकं खाजवलं. डोक्यातून थोडं पीठ पडलं. आणि मग त्याचा चेहरा उजळला. "चष्मा काढ! च्यायला, दिसलंच न्हाय तर भ्याचं कशाला?"

हे मात्र मला पटलं. माझा नंबर असा आहे, की चष्मा काढल्यावर समोर माणूस आहे की कपाट, हे विचारूनच खात्री करून घ्यावी लागते.

मॅचच्या दिवशी मैदानावर इतकी गर्दी, की मला वाटलं आमच्यानंतर दुसरी एखादी खरीखुरी मॅच असेल. नव्हती. पोटं सुटलेल्या, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या आम्हा बाप्यांना बघायला दोन्ही पेठा लोटल्या होत्या. हलगी कडाडत होती. भडंगवाले फिरत होते. आणि संदीपच्या गोलमागे, अगदी जाळ्याला लागून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आबा. पांढरी टोपी, दोन्ही हात मांडीवर, आणि नजर थेट माझ्यावर. आबांना पापण्या मिटायची सवय नाही, हे मला त्या दिवशी समजलं. त्यांच्या शेजारी वैशाली उभी.

सर्जेरावनं मला शेवटपर्यंत बाहेर बसवून ठेवलं. "तू आपला हुकमाचा एक्का," असं सांगून. (मैदानात असलो तर बरोबरीसुद्धा होणार नाही, हे त्यानं मोठ्या मनानं सांगितलं नाही.) अगदी शेवटी मला आत घेतलं. त्या थोड्या वेळात बॉल एकदाच माझ्याकडं आला आणि मला ओळख न दाखवता पायाखालून निघून गेला. तेवढ्यात शिट्टी झाली. बरोबरी! पेनल्ट्या सुरू झाल्या. त्यांची घुसली, आमची घुसली. त्यांची चुकली, आमचीही चुकली. मग त्यांची शेवटचीही बाहेर गेली आणि सगळं मैदान माझ्याकडं वळलं. माझी गेली, तर आम्ही जिंकलो.

"या दाजी, या!" संदीप गोलमधून म्हणाला. "च्या घेणार का आधी?"

"ए फोटोवालं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हस की जरा!"

मी चष्मा काढून सर्जेरावच्या हातात दिला. जग एकदम मऊ झालं. गर्दीचा चिखल झाला. गोल म्हणजे पांढरट चौकट, संदीप म्हणजे त्या चौकटीतला पिवळा डाग. आणि आबा? आबा आबाच राहिले! ती नजर चष्म्याशिवायही लागत होती. तिच्याखाली माझा उजवा पाय हळूहळू डावा होत चालला होता.

पंचांनी शिट्टी मारली. हलगी थांबली. भडंग खाणारे थांबले. इतकी शांतता, की मला माझे गुडघे ऐकू आले. मी धावायला सुरुवात केली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि...

काडकन् आवाज झाला. पाठोपाठ धप्प!

"आबाsss!" संदीप किंचाळला.

मला दिसलं काहीच नाही. पण एक गोष्ट स्वच्छ जाणवली. पाठीवरचं सिमेंटचं पोतं कुणीतरी अलगद उचलून घ्यावं, तसं झालं. त्या भरल्या मैदानात त्या क्षणी माझ्याकडं कुणीही बघत नव्हतं! पाय आपोआप गेला. बॉल पायाला लागला तोच कसा, तर लोण्यासारखा. आणि मग जाळ्याचा आवाज. सप्प!

गोल!

आता, मी फोटोग्राफर माणूस. आनंद झाला की माणसं काय काय करतात, ते मी आयुष्यभर जवळून बघितलं आहे. मी ते सगळं केलं. हात पसरून धावलो. गुडघ्यावर घसरलो. (तिथं गवत नव्हतं, ते नंतर कळलं.) शर्ट काढून डोक्यावर गरागरा फिरवला. वरातीतला नाचही करून घेतला. तेवढ्यात गर्दीचा चिखल हलला आणि आरडाओरडा करत गोलकडं धावत सुटला. मला गहिवरून आलं. माणसं मला उचलायला निघाली होती! मीही तसाच उघडाबंब त्या घोळक्यात घुसलो. आत कुणीतरी ओरडत होतं, "उचला, उचला! पायाला धरा!" मी दोन्ही हात वर केले, अंग सैल सोडलं आणि लाजत म्हणालो, "अरे हळू... पडेन बिडेन मी..."

"दाजी!" अगदी कानाशी संदीपचा आवाज आला. "आबा पडल्यात! आनि तुमी कापडं काढून नाचालाय व्हय?"

सर्जेरावनं मागून येऊन माझ्या नाकावर चष्मा बसवला. त्याचे उपकार मानावेत की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. कारण मला एकदम सगळं दिसलं. खुर्चीचे तुकडे. जमिनीवर उताणे आबा. भोवती माझी अख्खी सासुरवाडी, लहानथोर, चुलत-मावस. आणि सासऱ्याच्या उशाशी उघड्या अंगानं, हात वर करून उभा असलेला जावई.

आबांनी खालूनच मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ह्या फोटोवाल्यास्नी काय झालंय?"

आबांना काहीही लागलं नव्हतं. "खुर्ची मेली, मला काय धाड भरल्या?" असं म्हणत ते उठून बसले. मग मी धीर करून पंचांकडं गेलो.

"गोल झाला," मी म्हटलं.

"कधी?"

"आत्ता! आबा पडले तेव्हा!"

"मी आबांकडं बघत होतो," पंच म्हणाले. "मी बघितला नाही तो गोल मी देणार कसा?"

"अवो, बॉल जाळ्यात हाय की!" सर्जेराव गरजला.

"तो गडबडीत कुणाचा तरी पाय लागून गेला आसंल," संदीप म्हणाला.

पंच माणूस न्यायाचा होता. त्यांनी गर्दीला मोठ्यानं विचारलं, "यांची पेनल्टी जाताना कुणी बघितली का?" मैदानभर एकमेकांकडं बघाबघी झाली. आमच्याही पेठेतलं कुणी बोलेना. सर्जेरावला विचारलं तर तो म्हणाला, "खरं सांगायचं तर मी डोळं मिटून जोतिबाचं नाव घ्यालतो." वैशाली आबांच्या पाठीवरची माती झटकत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाच मात्र झ्याक झाला!" मागून कुणीतरी साक्ष दिली.

निकाल लागला: पेनल्टी पुन्हा. आबांसाठी लोखंडी खुर्ची आली. ती त्यांनी जाळ्याच्या आणखी जवळ ओढून घेतली. "आता नीट बघतो," ते म्हणाले. "मारा!" त्यांच्यामागं सगळं मैदान सरसावून बसलं. मघाशी जे चहाला गेले होते, तेही आले. मोबाइल वर झाले. माझ्याकडं इतके कॅमेरे कधीच कुणी रोखले नव्हते.

चष्मा काढायचं सुचलंच नाही. धावताना प्रत्येक चेहरा ओळखीचा दिसत होता. मी सगळा जोर एकवटून लाथ घातली, आणि पायातून काहीतरी सुटलं. ते सणसणत उजव्या कोपऱ्याकडं गेलं. संदीपनं वाघासारखी झेप घेतली आणि हवेत पकडलं. त्यांची सगळी पेठ उभी राहिली. संदीपनं डोळे उघडून हातात बघितलं. माझा बूट होता.

बॉल मागून येत होता. अगदी आरामात, फिरायला निघाल्यासारखा. जाळं उघडं, गोलकीपर आडवा! सर्जेराव त्याला "चल, चल रं सोन्या!" म्हणून चुचकारत त्याच्या बाजूनं चालत होता. रेषेपासून वीतभर अंतरावर बॉल थांबला. संदीप उठला, अंग झटकलं, बूट मला दिला आणि मग सावकाश बॉल उचलला. पेनल्ट्याही बरोबरीतच सुटल्या आणि पंचांनी मॅच तिथंच संपवली.

संध्याकाळी मी गुडघ्यांना हळद लावत स्वयंपाकघरात बसलो होतो. वैशालीनं चहा टाकला.

"आबांना खरंच लागलं नाही ना?" मी विचारलं.

"त्यास्नी काय हुतंय?" तिनं कप पुढं ठेवला. मग गॅसकडं तोंड करून म्हणाली, "उजव्या कोपऱ्यात गेला. वरनं."

"काय?"

"तुमचा गोल. पयला."

मी हळदीची वाटी खाली ठेवली. "तू बघितलास? आबा पडले तेव्हा?"

"आबांस्नी बघाय सगळं मैदान हुतं की. तुमच्याकडं बघाय कोन हुतं?"

"अगं, मग पंचांनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

ती गर्रकन वळली. "काय बोलू? माझा बा शेजारी धाडदिशी पडला, आनि मी नवऱ्याची पेनल्टी बघत उभी हुतो, आसं? माहेरला पाय ठेवू देतील काय मला?"

असा गोल झाला होता, तो कुणीतरी बघितला होता, आणि जिनं बघायला हवा होता तिनंच बघितला होता. फक्त मी बघितला नव्हता. चष्मा सर्जेरावकडं होता. मी खुर्ची पुढं ओढली. "कसा गेला गं? नीट सांग."

वैशालीनं पदर खोचला आणि ओट्यावरचा टोमॅटो उचलून दाखवला. "हितनं निघाला. असा वळला. खांबाला लागतंय का काय वाटलं, पन न्हाय लागला. आत जाऊन जाळं असं फुगलं! लई देखणा गेला ओ. माझ्या अंगावर काटा आला."

"आणि मग?"

"मग तुमी नाचाय लागला." तिनं टोमॅटो खाली ठेवला. "तवा मातर मी डोळं झाकून घेतलं."

आणि नेमकं तेवढंच बाकीच्या मैदानानं डोळे उघडे ठेवून बघितलं होतं.